सातऱ्याची साडी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. देवापुढे हात जोडून बसते, तेव्हासुद्धा या एका जागेपाशी आलं की मन हळूच बाजूनं निघून जातं — नको असलेलं माणूस रस्त्यात दिसलं की आपण पलीकडून चालायला लागतो ना, तसं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर असता तर सांगितलं असतं का? नसतं. एवढी मी मला ओळखते.

मी गोधड्या शिवते. म्हणजे शिवत होते. आता जे करते त्याला लोक वस्त्रकला म्हणतात आणि मला कलाकार म्हणतात. पहिल्यांदा कुणी तसं म्हणालं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, कुणाला म्हणतायत म्हणून. आता नाही पाहत. मानाची सवय फार लवकर होते माणसाला. माझ्या गोधड्या आता भिंतीवर टांगतात, पांघरत नाहीत. बहिणीला हे अजून पटलेलं नाही. ती म्हणते, भिंतीले थंडी वाजते काय वं? मी हसते. तिचं काही चुकत नाही.

माझ्या कामाची एक तऱ्हा आहे. जुनी साडी घ्यायची आणि ती कापायची नाही. बाईनं वर्षानुवर्षं नेसून तिच्यावर ज्या खुणा पडलेल्या असतात — कमरेशी खोचून खोचून विरलेली जागा, निऱ्यांच्या घड्या, कधीच न निघालेला एखादा डाग — त्या शोधायच्या, आणि टाके त्यांच्या मागे मागे न्यायचे. आपण नक्षी काढायची नाही. ती साडीवर आधीच असते, आपण फक्त दोऱ्यानं ती पक्की करायची. असं आधी कुणी केलं नव्हतं म्हणतात. खरं असेल. पण हे सुचलं कसं, असं कुणी विचारलं की माझं एक उत्तर ठरलेलं आहे — आईकडून शिकले. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. त्यांनाही बरं वाटतं, मलाही सोपं जातं.

आईकडून मी काय शिकले, ते सांगू? धावदोरा शिकले. काठापासून सुरुवात करून फेरे घालत आत आत यायचं, म्हणजे कापड फुगत नाही, हे शिकले. आणि एक शिस्त शिकले — दुसऱ्याचं कापड आपल्या घरात शिवायला आलं की त्यातलं बोटभरही आपलं नाही. गोधडी शिवून झाली की उरलेलं कातरण, अगदी कडेच्या दशासुद्धा, पुरचुंडीत बांधून गोधडीसोबत परत द्यायच्या. माणूस गेलेलं असेल आणि त्याचं कापड असेल, तर जास्तच सांभाळून. आमच्याकडे आई गेली की तिच्या साड्यांची गोधडी लेकीसाठी शिवून घेतात. लेक ती पांघरते. आईच्या कुशीत निजल्यासारखं वाटतं म्हणतात. माझी आई अशी गोधडी शिवायला बसली की आधी पाय धुऊन यायची.

हे सगळं मला माहीत होतं. मुद्दाम सांगून ठेवते आहे, कारण पुढे तुम्हाला वाटेल की हिला कळलं नसेल.

सुमन माझ्या शेजारची. नागपूरच्या सक्करदऱ्यात आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच होती. तिच्याकडे कुकरची शिटी झाली की माझ्याकडे कळायचं आज वरण आहे. नवरा लवकर गेला, एक मुलगी, प्रतिभा. सुमनचं माहेर भिवापूरचं. मिरचीचा हंगाम सुरू झाला की ती पोरीला घेऊन भावाकडे जाऊन राहायची आणि सातऱ्यावर कामाला जायची. सातरा म्हणजे मोकळं मैदान, जिथं लाल मिरच्या वाळायला पसरलेल्या असतात आणि बाया ओळीनं बसून त्यांचे देठ खुडतात. दिवसभर मिरची मांडीवर घ्यायची, देठ खुडायचा, बाजूला टाकायची. परत आली की आठवडाभर ती आमच्या ओसरीत बसली तरी आम्हाला शिंका यायच्या. मी तिला चिडवायची — तुझ्या हातचं वरण नको वं बाई, फोडणीशिवायच तिखट होते.

या कामासाठी तिनं एकच साडी ठेवली होती. बाकीच्या खराब व्हायला नकोत म्हणून दर हंगामात तीच. साईच्या रंगाची, मेंदी काठाची सुती साडी. ती आम्ही दोघींनी बुधवार बाजारात एकाच गठ्ठ्यातून घेतली होती, दोघींना एकसारखी. माझी मी सणावाराला नेसले, मग घरात नेसले, मग ती मऊ होऊन कपाटाच्या तळाशी गेली. तिची सातऱ्यावर गेली.

सुमन गेली ती पोटाच्या दुखण्यानं, फार हाल न होता. तेव्हा प्रतिभाचं लग्न ठरलेलं होतं, मौद्याला. तेराव्यानंतर काही दिवसांनी पोरगी माझ्याकडे आली, हातात दोन साड्या. एक निळी, सुमनची बाहेर जायची. दुसरी सातऱ्याची. म्हणाली, निळी आत घाला, आणि ही वर. वरच्या बाजूला मांडीचा भाग येऊ द्या.

मग म्हणाली, "काकू, धुऊ नोका बरं हे. आईचा वास हाय याले."

मी हो म्हटलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या क्षणी मी खरंच हो म्हटलं होतं — यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

उन्हाळ्याची दुपार होती. कूलर चालू होता, नवरा आत झोपला होता. मी फरशीवर सातऱ्याची साडी पसरायला घेतली आणि एकामागून एक शिंका. हसू आलं, आणि हसता हसता रडू. सुमन गेल्यावर मी नीट रडले नव्हते. तेव्हा रडले. हे मी स्वतःला चांगलं दाखवायला सांगत नाही. रडले, डोळे पुसले, आणि साडीच्या निऱ्या उलगडल्या. मग ते दिसलं.

काय दिसलं, ते कसं सांगू? नेसलेल्या साडीत मांडीवर एकच डाग दिसायचा, तांबूस, मळकट. पण निऱ्या म्हणजे कापडाच्या एकावर एक घड्या. मिरचीचा रंग घामासोबत वरच्या घडीतून खालच्या घडीत झिरपत गेलेला. उलगडल्यावर तो एक डाग राहिलाच नाही, त्याच्या ओळीच्या ओळी झाल्या. पहिला गडद, विटकरी. शेजारचा केशरी. त्याच्या शेजारचा फिका, मग आणखी फिका, आणि शेवटचा असा की डोळे बारीक केल्याशिवाय दिसू नये. मी आयुष्यभर ठिगळं जुळवत आले होते — हा लाल, त्याला हा पिवळा शोभेल, चौकोन, त्रिकोण. आणि इथं एका बाईनं वर्षानुवर्षं एका जागी बसून, बघायचं ठरवलेलंही नसताना, हे करून ठेवलं होतं.

कात्री हातात होती. मी ती खाली ठेवली.

मला वाटलं, हे कापणं पाप आहे. किती छान कारण, नाही? पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण कापायचंच नव्हतं तर प्रतिभाला बोलावून म्हणता आलं असतं की हे बघ, तुझ्या आईनं काय केलंय. आपण कापायला नको, अख्खी साडीच वर लावू. गोधडी मोठी झाली असती, एवढंच. किंवा म्हणता आलं असतं की मला हवी आहे ही. कदाचित दिलीही असती तिनं. पण कदाचित नसती. ते 'नाही' मला ऐकायचं नव्हतं. म्हणून मी विचारलंच नाही.

पापाचं काही नव्हतं त्यात. मला ती हवी होती. एवढंच होतं.

मी सातऱ्याची साडी घडी करून माझ्या कपाटात ठेवली आणि कपाटाच्या तळातून माझी काढली. तीच. त्याच गठ्ठ्यातली, साईच्या रंगाची, मेंदी काठाची, वापरून मऊ झालेली. निळी साडी आत घातली — ती सुमनचीच, तेवढं खरं. आणि वर माझी लावली. धावदोरा घातला, काठापासून आत आत. एकही टाका वाकडा पडला नाही. उलट फार सुबक उतरली ती गोधडी. माझ्या साडीचं जे कातरण उरलं ते मी पुरचुंडीत बांधलं, आईनं शिकवलं होतं तसं, आणि गोधडीसोबत दिलं. कुणाला शंका येऊ नये म्हणून दिलं. माझ्या आईची शिस्त मी खोट्याला टेकू म्हणून लावली.

प्रतिभानं गोधडी हातात घेतली आणि पहिलं काय केलं असेल? नाकाशी धरली.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आधीपासून ठरवून ठेवलं होतं, हेही सांगते. तोंडातून अचानक निसटलेलं नव्हतं ते. मी म्हटलं, "धुतली वं माय. सवयीनं भिजू घातली. लक्षातच नाही राहिलं."

गोधडी मांडीवर ठेवून तिनं हात फिरवला, जिथं डाग असायला हवा होता तिथं. आता विचारेल, मला वाटलं, आणि माझं सगळं तिथंच उघडं पडेल. मी रडायला लागले. कशासाठी, ते आजही मला नीट सांगता येत नाही. भीतीनं असेल.

आणि ती पोरगी, जिची आई गेली होती, ती उठून माझ्याजवळ आली. "काहून रडून राहिल्या काकू? तुमी काय मुद्दाम केलं? उन्हात टाकलं की मिरचीचा रंग उडतेच." माझं खोटं पुरं पडत नव्हतं, उरलेलं तिनं जोडून दिलं. वर मला पाणी आणून दिलं.

तुम्हाला कळतंय ना काय झालं ते? मी न केलेल्या चुकीची तिनं मला माफी दिली, आणि ती मी घेतली. पुढे कितीतरी वेळा घेतली. ती मौद्याहून आली की कधीतरी तो विषय निघायचा, आणि मी उदास दिसले तर तीच म्हणायची, ते धुतल्याचं मनाले लावून नोका घेऊ काकू. मी मान हलवायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ती ते प्रेमाचं समजायची.

सातऱ्याची साडी मी ती सासरी गेल्यावर काढली. दुपारी, नवरा झोपला की. डागाच्या प्रत्येक ओळीभोवती टाके, गडद जागी दाट, फिक्या जागी विरळ, आणि शेवटी जिथं डाग दिसेनासा होतो तिथं एकेक टाका. माझ्या हातून तसं काम त्याआधी कधी झालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, ते दिवस मी आनंदात होते. सुमनची आठवण यायची, पण वाईट वाटायचं नाही. वाटायचं, आम्ही दोघी मिळून करतोय हे. बघा, चोरी करतानाही माणूस सोबत शोधतं.

कॉलेजात चित्रकला शिकवणाऱ्या एक मॅडम माझ्याकडून नातवासाठी दुपटी शिवून घ्यायच्या. त्यांनी ते पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्यामुळेच धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये माझी कामं लागली, आणि ते सगळ्यात पुढच्या भिंतीवर. त्यांनी मला विचारलं होतं, हा रंग कशाचा? मी म्हटलं, मिरचीचा. कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

प्रदर्शनाचं कळल्यावर प्रतिभाचा फोन आला. येते म्हणाली, नवऱ्याला सुट्टी आहे, दोघं येतो. मी म्हटलं, संपलं वं, काल उतरवलं सगळं. तेव्हा मी हॉलमध्येच उभी होते. समोर तिच्या आईची साडी होती आणि दोन कॉलेजच्या मुली तिच्यापुढे उभ्या राहून फोटो काढत होत्या.

पेपरात माझा फोटो आला तेव्हा तो मात्र तिनं पाहिला. कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी एकदा मौद्याला गेले तर मला कौतुकानं दाखवला आणि चिडवलं, "हे तुमच्या मांगं काय टांगलं हाय काकू? मले त चिखलच वाटते." मी हसले. फोटो काळापांढरा होता आणि माझ्या खांद्यामुळे अर्धी साडी झाकली होती. तिचं कपाट उघडलं की दर वेळी तिच्यासमोर तिच्या आईची मांडी येते, आणि तिला ते माहीत नाही.

ती साडी आता नागपुरात नाही. मॅडमच्या ओळखीतून कुणीतरी घेतली, लांबच्या शहरात, मोठ्या घरात. मला कळवलं होतं त्यांनी, काचेआड लावली आहे, अगदी जपून ठेवू. मी 'नाही' म्हणू शकले असते. ती माझ्या हातात असेपर्यंत, एखाद्या दिवशी मौद्याच्या बसमध्ये बसून तिच्या मांडीवर नेऊन ठेवायची वाट तरी होती. तीही मी विकून टाकली. तोवर माझी तऱ्हा तयार झाली होती. तशी कामं मी पुढे खूप केली — दुसऱ्या बायांच्या साड्या, त्यांना विचारून, त्यांची नावं खाली लिहून. नावं लिहायचा मी आता आग्रहच धरते. लोक त्याचंही कौतुक करतात. पहिल्या कामाखाली नाव नाही.

प्रतिभाला मुलगी झाली तेव्हा तिनं ती पुरचुंडी सोडली आणि त्या कातरणाचं पोरीला टोपरं शिवलं. आजीचं कापड डोक्याला लागावं म्हणून. बारशाला मला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं.

परवा ती आली होती, पोरीला घेऊन. पोरगी आता चार वर्षांची आहे, चिमी म्हणतात तिला. खूप बोलते. गोधडी एका कोपऱ्यात उसवली होती. चिमीला तिच्याशिवाय झोप येत नाही, म्हणून इथंच बसून शिवून हवी होती. मी शिवायला घेतली. इतक्या वर्षांनी माझी साडी माझ्याच मांडीवर. ती आता खूप विरली होती, आणि तिला प्रतिभाच्या घराचा वास येत होता, खोबरेल तेलाचा आणि लहान मुलाचा. शेवटचा टाका घालून मी दोरा तोडला. घरात आम्हा तिघींशिवाय कुणी नव्हतं.

प्रतिभानं गोधडी फरशीवर पसरली आणि लेकीला जवळ ओढलं. म्हणाली, "काकू, तुमीच दाखवा इले. मले त डाग नाही म्हणून समजत नाही. आजीची मांडी कोणत्या बाजूले येते?"

मला वेळ होता. तिनं घाई केली नाही. ती माझ्याकडे बघत होती, चिमी माझ्याकडे बघत होती, आणि मला खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

मी वाकले आणि गोधडीच्या मध्यावर बोट ठेवलं. म्हटलं, इथं.

चिमीनं तिथं गाल टेकवला आणि डोळे मिटले. प्रतिभा हलक्या आवाजात म्हणाली, पाहा काकू, आजीच्या मांडीवर निजली. मी म्हटलं, हो.